टाच कुणाची, गुडघा कुणाचा

माझी भाची जिना आडवा उतरते. डाव्या हाताने कठडा धरायचा, अंग भिंतीकडे वळवायचं, एक पाय खालच्या पायरीवर ठेवायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणायचा, मग पुढची पायरी. माझी आई पंच्याहत्तरीत अशी उतरायची. भाची २६ वर्षांची आहे. चार वर्षं ती एका मोठ्या हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला उभी आहे. ‘उभी आहे’ हे अगदी शब्दशः खरं आहे, कारण रिसेप्शनच्या त्या लांबलचक काउंटरमागे खुर्चीच नाही. नऊ तासांची शिफ्ट, मध्ये जेवायला अर्धा तास. गणवेशाबरोबर जो कागद हातात पडला त्यात मुलींसाठी एक ओळ होती: काळे, पुढून बंद, किमान दोन इंच टाचेचे बूट. मुलांसाठीची ओळ होती: काळे, पॉलिश केलेले बूट.

दुखणं गेल्या पावसाळ्यात सुरू झालं. आधी सिनेमाला दोन तास गुडघे दुमडून बसलं की वाटीच्या मागे ठणका लागायचा. मग एसटीत पाय पसरायला जागा शोधणं सुरू झालं. मग जिना. गौरी जेवतात त्या दिवशी आम्ही सगळे पंगतीला खाली बसलो, तेव्हा तिने गुपचूप स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घेतलं. माझ्या बहिणीच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण सणाच्या दिवशी ती काही बोलली नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी तपासून सांगितलं की पोटऱ्या आखडल्या आहेत, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर सतत भार आहे आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आहे. त्यांनी व्यायाम दिले आणि कामावर सपाट बूट घालायला सांगितले. भाचीने ऑफिसात तसं विचारलं. उत्तर आलं, “डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू. तोवर मागच्या ऑफिसात बसा.” मागच्या ऑफिसात बसायचं म्हणजे टिप बुडाली, आणि बढतीच्या वेळी समोर दिसणाऱ्यांत आपण नाही.

त्या सर्टिफिकेटपाशी माझं मन अडकलं आहे. टाच चढवायला सांगताना मालकाला कुठलाच कागद दाखवावा लागला नाही. ही टाच सुरक्षित आहे, नऊ तास उभं राहून ती झेपते, तिच्याविना हे काम होऊच शकत नाही, यातलं काहीही त्याने कुणाला पटवून दिलं नाही. टाच उतरवायची म्हटल्यावर मात्र मुलीने आपला गुडघा बिघडल्याचा पुरावा आणायचा. म्हणजे बिघडण्याआधी तिला बोलायची सोयच नाही. हे उलटं आहे, आणि ते सुलटं करायला हवं, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

उंच टाचांशी माझं वैर नाही. लग्नात, समारंभात, उंच दिसावंसं वाटतं म्हणून किंवा नुसतं आवडतं म्हणून ज्यांना घालायच्या त्यांनी खुशाल घालाव्यात. संध्याकाळचे दोन तास आणि आठवड्याचे ५४ तास यांत फरक आहे. दुखायला लागल्यावर चप्पल काढून हातात घेता येणं आणि न येणं यातही फार मोठा फरक आहे.

आता गुडघ्यात काय होतं ते पाहू. सपाट जमिनीवर साधं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार येतो, आणि जिना चढता-उतरताना तो तिपटीच्या वर जातो. जर्मनीत काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यातच मोजण्याची यंत्रणा ठेवून हे भार प्रत्यक्ष मोजले गेले आहेत. म्हणजे ६० किलोची मुलगी दादरचा पूल उतरते तेव्हा तिचा एकेक गुडघा दर पावलाला दोनशे किलोंच्या आसपास भार झेलत असतो. निरोगी गुडघा तो झेलतो, त्यासाठीच तो घडला आहे. पण हा भार कूर्चेवर, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत अस्तरावर, कुठे आणि किती वेळ पडतो, ते पावलाच्या ठेवणीवर ठरतं.

टाच वर उचलली की घोटा एका कोनात अडकून पडतो. जमिनीला मागे रेटून शरीर पुढे ढकलण्याचं पोटरीचं काम अर्धवट राहतं. ते काम मग वरच्या सांध्यांवर येतं. गुडघा जितका सरळ व्हायला हवा तितका होत नाही, किंचित वाकलेलाच राहतो. वाकलेल्या गुडघ्यावर तोल सांभाळायचा तर मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत खेचून धरावं लागतं. तो स्नायू वाटीच्या वरून जातो, त्यामुळे तो जितका ताणला जाईल तितकी वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. त्याच वेळी गुडघ्याच्या आतल्या बाजूवरही पीळ वाढतो. आपल्याकडे वयस्कर बायकांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात, चालताना त्या बदकासारख्या डुलतात, ती झीज बहुतेक वेळा याच आतल्या बाजूची असते.

हा पीळ मोजण्याचं काम अमेरिकेत डॉ. केसी केरिगन यांनी केलं. १९९८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला. टाचांची सवय असलेल्या २० निरोगी स्त्रियांना आधी त्यांच्या उंच टाचा घालून आणि मग अनवाणी चालवलं, तर टाचांमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा पीळ सरासरी २३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. यातल्या कुणालाही गुडघेदुखी नव्हती. म्हणजे आजारी गुडघ्यांचा हा हिशेब नव्हे, चांगल्या गुडघ्यांचा आहे.

त्यांचा २००१ चा अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या बाजारातला एक मोठा गैरसमज त्यात खोडला जातो. पेन्सिल हील वाईट, पण रुंद टाच, ज्याला ब्लॉक हील म्हणतात ती ‘कम्फर्ट’, असं दुकानदार सांगतो आणि आपल्याला ते पटतंही. ब्लॉक हीलवर पाय मुरगळण्याची भीती कमी असते, बोटांनाही थोडं बरं वाटतं, हे खरंच आहे. पण केरिगन यांनी सारख्याच उंचीच्या, सुमारे ७ सेंटीमीटरच्या, रुंद आणि बारीक टाचा समोरासमोर ठेवल्या तेव्हा गुडघ्यावरचा पीळ दोन्हींत वाढलेलाच निघाला, आणि रुंद टाचेने त्यात सूट मिळाली नाही. गुडघ्याला टाचेची रुंदी कळत नाही, उंची कळते. बरं, ब्लॉक हील पायाला सोसते म्हणून बाई ती जास्त वेळ घालते. भाचीच्या हॉटेलातही मागे मुलींनी कुरकुर केली तेव्हा ‘मग ब्लॉक हील घाला ना’ हाच तोडगा निघाला होता, आणि तो द्यायचा म्हणून दिला होता असं मला वाटत नाही, देणाऱ्याला तो खरोखरच चांगला वाटला असावा.

मग कमी टाच? २००५ च्या अभ्यासात केरिगन यांनी ३.८ सेंटीमीटरची, म्हणजे दीड इंचाची टाच तपासली. आपल्याकडे हिला कुणी हील म्हणणारसुद्धा नाही, शाळेतल्या बाईंच्या सँडललाही एवढी असते. तिच्यातही पीळ वाढला, तरुण स्त्रियांमध्ये १४ टक्के आणि वयस्क स्त्रियांमध्ये ९ टक्के. केरिगन यांनी पुढे स्वतःची पादत्राणांची कंपनी काढली हेही वाचकाला माहीत असावं, पण हे अभ्यास त्याआधीचे आहेत आणि इतर ठिकाणच्या मोजमापांची दिशाही तीच आहे. आयोवा राज्य विद्यापीठात सपाट, ५ सेंटीमीटर आणि ९ सेंटीमीटर अशी तुलना झाली, तेव्हा टाच जितकी उंच तितका गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा भार जास्त, असंच दिसलं.

पोटरीची गोष्ट वेगळी आहे आणि भाचीचं दुखणं समजून घ्यायला मला ती फार उपयोगी पडली. व्हिएन्ना आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१० मध्ये वर्षानुवर्षं उंच टाचा वापरणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या तपासल्या. त्यांच्या स्नायूंचे तंतू सपाट चपला वापरणाऱ्या बायकांपेक्षा सरासरी १३ टक्क्यांनी आखूड होते आणि पोटरी टाचेला जोडणारी मोठी शीर जास्त कडक झाली होती. शरीराने टाचेशी जुळवून घेतलं होतं. म्हणून अशा बाईने एके दिवशी अचानक सपाट चप्पल घातली की पोटरी ओढते, टाच दुखते, आणि ती म्हणते, ‘मला बाई हीलमध्येच बरं वाटतं.’ ती खोटं बोलत नसते. भाचीलाही सुट्टीच्या दिवशी स्लीपर घालून पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि आम्ही सगळे तिला ‘नाजूक झालीस’ म्हणायचो. आज ते आठवलं की वाईट वाटतं. असा बदल हळूहळू करावा लागतो, टाच आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी खाली आणत आणि पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम करत. अगदी कागदासारखा पातळ सोलही नऊ तास उभं राहायला चांगला नाही, तेव्हा सपाट म्हणजे रबरी स्लीपर असंही कुणी समजू नये.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे उंच टाचांनी गुडघे झिजतात हे सिद्धच झालं. तसं ते झालेलं नाही, आणि तसं लिहिणं मला पटणार नाही. टाचांनी भार वाढतो हे मोजलेलं आहे. त्या वाढलेल्या भाराने वीस-तीस वर्षांनी गुडघा निकामी होतो, हे असं मोजायला कुणी वीस-तीस वर्षं बायकांना टाचा घालून चालवलेलं नाही. २००३ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. त्यात १११ स्त्रियांना त्यांच्या आयुष्यभराच्या सवयी विचारल्या होत्या, त्यातल्या २९ जणी गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेच्या यादीवर होत्या. गुडघे गेलेल्या बायका टाचा जास्त घालत होत्या असं त्यात काही आढळलं नाही. ठळकपणे दिसलं ते चाळिशीआधी वाढलेलं वजन. वजन, वय, रजोनिवृत्ती, जुनी दुखापत, घरातला वारसा, ही गुडघेदुखीची मोठी कारणं आहेत, आणि टाच त्यांच्या रांगेत कितव्या नंबरवर उभी आहे याचा निकाल लागलेला नाही.

मग मालकाची बाजू जिंकली का? मला वाटतं, इथेच खरी बाजू ठरते. कुणाला तिच्या पगारासाठी, रोज, तासन्‌तास, एक गोष्ट अंगावर वागवायला लावायची असेल, ती गोष्ट सांध्यावरचा भार वाढवते हे दिसत असेल, आणि कामासाठी तिचा काडीचाही उपयोग नसेल, तर शंकेचा फायदा कुणाला द्यायचा? वेल्डर डोळ्यांवर काच लावतो, गवंडी डोक्यावर हेल्मेट घालतो, ती सक्ती त्याच्याच रक्षणासाठी असते. इथे सक्ती आहे ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. पाहुण्याला खोलीची चावी द्यायला, बिल काढून द्यायला, गाडी मागवायला दोन इंच उंची कुठे लागते? सिद्ध करण्याचं ओझं सक्ती करणाऱ्याचं आहे. दुखणाऱ्या माणसाने आपलं दुखणं संशोधनाच्या कसाला लावून दाखवायचं, ही अपेक्षा आपण दुसऱ्या कुठल्या कामगाराकडून करतो?

शिवाय कूर्चेचा स्वभावच असा आहे की तिच्यात ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू. ती झिजते तेव्हा ओरडत नाही. ‘गॅप कमी झाली’ असं डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगतात तेव्हा निम्मा कारभार आटोपलेला असतो. म्हणून ‘त्रास झाला तर सांगा’ हा मालकाचा दिलासा पोकळ आहे. त्रास होईल तेव्हा ती मुलगी चाळिशीत असेल, तिसऱ्या किंवा चौथ्या नोकरीत असेल किंवा घरी असेल, आणि तिच्या शस्त्रक्रियेच्या लाखांच्या बिलावर पहिल्या मालकाचं नाव कुठेच नसेल. फायदा आज एकाचा, खर्च उद्या दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

आणि हा व्यवहार कुणाच्या पायांवर होतो ते बघा. मोठ्या पगाराची वकील किंवा बँकेतली वरिष्ठ अधिकारी टाच घालते, पण तिला खुर्ची आहे, गाडी आहे, टेबलाखाली सपाट चपलांचा जोड ठेवायची मुभा आहे. सक्ती असते ती दाराशी, काउंटरशी, विमानाच्या मधल्या वाटेत उभ्या राहणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलींवर. त्यातल्या बऱ्याचशा नाशिक, सोलापूर, नागपूरकडून ‘एअर होस्टेस ट्रेनिंग’ची फी आईबापाकडून घेऊन आलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात त्यांना शिकवतात ते टाचांवर चालणं. पोटरीचा, मांडीचा एक व्यायामही शिकवत नाहीत. लोकलमध्ये लेडीज डब्यात त्या सहज ओळखू येतात. पायात रबरी चप्पल, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली हील. स्टेशनबाहेर रिक्षाच्या आडोशाला एका पायावर उभं राहून चपला बदलायच्या. पायाला काय सोसतं याचं पूर्ण ज्ञान त्या पिशवीत आहे.

मागच्या महिन्यात पुण्यात एका दागिन्यांच्या शोरूममध्ये गेले होते. मंगळसूत्राची वाटी बदलून घ्यायची होती. समोरची मुलगी ट्रेवर ट्रे काढून दाखवत होती. माझा रुमाल खाली पडला म्हणून वाकले, तर काउंटरच्या खालच्या फटीतून तिचे पाय दिसले. उजवा पाय सँडलमधून बाहेर काढून तिने गार फरशीवर टेकवला होता. करंगळीला पट्टी, टाचेवर सोललेलं. वर ती हसत मला नक्षी समजावत होती. मी म्हटलं, “बाळ, बस ना जरा, मी काही पळून जात नाही.” ती हसली, पाय सँडलमध्ये सरकवला आणि म्हणाली, “नाही मॅडम, अलाउड नाही.” तिथे ग्राहकांसाठी सात-आठ गादीच्या खुर्च्या होत्या. त्यांतली एकही काउंटरच्या पलीकडे नव्हती.

टाच आणि खुर्ची हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे त्या दिवशी मला नीट कळलं. चालताना गुडघ्याला निदान हालचाल मिळते. जागच्या जागी उभं राहताना तेवढंही मिळत नाही, आणि उंच टाचेवर उभं राहणं म्हणजे सगळं वजन पुढच्या पंज्यावर टाकून उतारावर उभं राहणं. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वं कलम होतं. उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसायची सोय करा, असं ते सांगायचं. कारखान्यातल्या कामगाराला हे १९४८ साली मिळालं. दुकानातल्या बाईला ते मिळायला केरळमध्ये २०१८ साल उजाडलं, आणि तेही आपोआप नाही. कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सोबतच्या साडी दुकानांतल्या बायका वर्षानुवर्षं त्यासाठी भांडल्या. बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, लघवीला जायचं नाही, अशा अवस्थेत त्यांनी ‘बसण्याचा हक्क’ हा शब्द राजकारणात आणला. २०२१ मध्ये तामिळनाडूने दुकानांसाठी तशीच दुरुस्ती केली. कामगार चळवळीचा एवढा मोठा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात या हक्कासाठी असा आवाज मी तरी अजून ऐकलेला नाही, याची मला लाज वाटते.

टाचेच्या सक्तीवर इतर देशांत काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प ही तात्पुरती रिसेप्शनिस्ट पहिल्याच दिवशी सपाट बूट घालून कामावर गेली. दोन ते चार इंचांची टाच हवी, असं तिला सांगितलं गेलं. तिने नकार दिल्यावर पगार न देता घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, पार्लमेंटच्या समित्यांनी चौकशी केली, २०१७ मध्ये सभागृहात चर्चा झाली, आणि शेवटी सरकारने ‘आहे तो समानतेचा कायदा पुरेसा आहे’ म्हणत नवा नियम नाकारला. नंतर एक मार्गदर्शक पत्रक काढलं. पत्रकाच्या भरवशावर रिसेप्शनिस्टने मालकाशी भांडायचं, ते कसं भांडणार?

जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा यांनी ‘कुटू’ ही मोहीम सुरू केली. जपानीत ‘कुत्सु’ म्हणजे बूट आणि ‘कुत्सू’ म्हणजे वेदना, दोन्ही त्या एका शब्दात आले. तिथल्या कामगार मंत्र्यांना विचारलं तेव्हा त्यांनी ही अपेक्षा समाजमान्य आहे, कामाच्या दृष्टीने गरजेची आणि योग्य असेल तिथवर, असं सांगितलं. तरी पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांवरची टाचेची अट काढून टाकली. सरकार हललं नाही, पण लाज कंपनीला वाटली.

कायदा करून दाखवला तो दुसऱ्यांनी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एप्रिल २०१७ मध्ये टाचेची सक्ती थेट सुरक्षेच्या नियमांत आणून बंद केली. घसरणं, पडणं, पाय-पाठीला इजा, हा त्यांचा आधार होता. त्याच वर्षी ओंटारियोने बंदी घातली आणि फक्त करमणूक आणि जाहिरात क्षेत्रातल्या कलाकारांचा अपवाद ठेवला. सर्वांत जवळचा धडा मात्र फिलिपिन्सचा आहे. आपल्यासारखाच मॉल आणि दुकानांनी भरलेला तो देश आहे, आणि तिथेही विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या असतात. २०१७ मध्ये त्यांच्या कामगार खात्याने एकाच आदेशात टाच आणि खुर्ची दोन्ही घेतल्या. उंच टाच सक्तीची करायची नाही, चपला पायाला न बोचणाऱ्या हव्यात, टाच एक इंचापेक्षा जास्त नको, उभ्या कामात बसायला अवकाश द्या आणि बसायला जागाही द्या. गुडघा ज्याला कळतो त्याने लिहिलेला आदेश आहे तो.

आपल्याकडेही एक चांगलं उदाहरण आहे आणि ते मुंबईतलंच आहे. अकासा एअर २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने विमानातल्या कर्मचाऱ्यांना पँट, जाकीट आणि स्नीकर दिले. विमानं उडाली, प्रवासी बसले, कुणी ‘स्नीकर घातलेल्या मुलीने पाणी दिलं म्हणून मी पुन्हा येणार नाही’ असं म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. मग बाकीच्यांचं अडलंय कुठे?

‘प्रोफेशनल दिसलं पाहिजे’ या शब्दात अडलंय. हा शब्द आपल्या पायांपर्यंत कुठून आला? आमच्या लहानपणी रुबाबात वावरणाऱ्या बायका होत्या त्या दवाखान्यातल्या सिस्टर, शाळेतल्या मुख्याध्यापिका, कचेरीतल्या हेडक्लार्क बाई. सिस्टरच्या पायात पांढरे सपाट बूट, मुख्याध्यापिकेच्या पायात चामड्याची चप्पल, सणाला कोल्हापुरी. त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते टाचेतून आलं नव्हतं. आजही आयसीयूतली सिस्टर बारा तास उभी असते, एसटीतली कंडक्टर ताई चालत्या गाडीत तोल सांभाळते, पोलीस बाई बंदोबस्ताला उभी असते. त्यांना कुणी अनप्रोफेशनल म्हणत नाही. जिथे बाईच्या कामाची गरज असते तिथे तिचे बूट सपाट असतात. जिथे तिच्या दिसण्याची गरज असते तिथे टाच येते. युरोपात टाच आली तीही मूळ पुरुषांच्या पायात. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून टाचेचे बूट घालायचे, तिथून ती सतराव्या शतकात युरोपातल्या सरदारांकडे गेली. घोड्यावर बसणाऱ्याला तिचा उपयोग होता. काउंटरला तो नाही.

‘मुली स्वतःहून घालतात, त्यांना आवडतं’, असं मला दोन-तीन जणांनी सांगितलं. त्यांना आवडत असेल तर सक्तीची गरज काय? अट काढून टाका, मग ज्यांना आवडतं त्या घालतीलच. दुसरं उत्तर मिळतं, ‘झेपत नसेल तर दुसरी नोकरी बघावी.’ माझ्या भाचीने बघितली. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, दोन ठिकाणी तीच ओळ. एखाद्या धंद्यातल्या बहुतेक दारांवर एकच पाटी असेल, तर दुसरं दार बघ म्हणण्याला काय अर्थ राहतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि पगार यांत स्त्रियांबाबत भेदभाव करू नये असं स्पष्ट आहे. एकाच काउंटरवर, एकाच पगारावर, एकाला पॉलिश पुरतं आणि दुसरीला दोन इंच चढावं लागतं, आणि न चढली तर तिला मागच्या ऑफिसात पाठवून बढतीतून वगळतात, हा भेदभाव आहे. पण ‘भेदभाव’ या मोठ्या शब्दाखाली चपलेचा प्रश्न आणायला मुलीला वकील लागेल. नियमात साधं वाक्य असेल तर नियमाचा कागदच पुरेल.

म्हणून मी राज्याच्या कामगार आयुक्तांच्या नावाने एक पत्र लिहिलं आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. कुठल्याही आस्थापनेने एक इंचापेक्षा उंच टाच नोकरीची अट म्हणून घालू नये, रंगमंच-चित्रपटांसारखा अपवाद वगळता. ज्या कामात दिवसातले बरेच तास उभं राहावं लागतं तिथे काउंटरच्या आत खुर्ची किंवा उंच स्टूल असावं आणि ग्राहक समोर नसताना त्यावर बसणं हा गुन्हा ठरू नये. आणि सपाट बूट मागणाऱ्या कर्मचाऱ्याकडे डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागू नये.

तिसरी मागणी भाचीला वाचून दाखवली तेव्हा तिने खोडरबर मागितलं. मी पत्र पेनाने लिहिलं होतं. तिने ‘मागू नये’ खाली पेन्सिलने एक रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘आणि तिला काउंटरवरून हलवू नये.’ ते वाक्य मी पत्रात तसंच घातलं आहे.